विजेच्या मोटारीचे प्रस्थान

आपल्या जुन्या घरांतून प्रवासाला निघण्यापूर्वी प्रस्थान ठेवण्याची चाल होती. मुहूर्त आज आणि निघणे परवा, अशी अडचण आली म्हणजे सुपारी, हळकुंड आणि मूठभर तांदूळ फडक्यात बांधून ते गाठोडे शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवीत. माणूस अजून आपल्याच पाटावर जेवीत असे; पण प्रवास सुरू झालेला असे. पुढे या चालीची पुष्कळ थट्टा झाली. मोटारी आल्या, पेट्रोलचे पंप आले आणि मनात येताच उठून निघावे, हीच प्रगतीची खूण ठरली. आता विजेच्या मोटारीने ती जुनी चाल निराळ्या रूपात परत आणली आहे, आणि माझ्या मते हे ठीकच झाले.

हिशेब साधा आहे. घरातल्या १५ अँपिअरच्या प्लगमधून तासाला सुमारे ३ युनिटे वीज गाडीत जाते. बॅटरी ४० युनिटांची असेल तर ती रिकामीची पुरी भरावयास १३-१४ तास लागणार. म्हणजे उद्या पहाटे निघावयाचे तर आज दुपारच्या चहालाच वायर लावली पाहिजे. भरलेली गाडी युनिटामागे ६-७ किलोमीटर जाते. शहाण्या माणसाने पाचवा हिस्सा गाठीला राखावा, म्हणून पहिली मजल २०० किलोमीटरांची धरावी. इंदूरहून पुणे सुमारे ६०० किलोमीटर. वाटेतल्या जलद चार्जरवर बॅटरी ८० टक्क्यांच्या पुढे फार सावकाश भरते, म्हणून पुढच्या मजला दीडशेच्याच. एकूण वाटेत तीन मुक्काम आले.

हे ऐकले की मंडळी हसतात. “यापेक्षा बैलगाडी काय वाईट?” असे विचारतात. त्यांना मोटारीचा इतिहास थोडा मागे नेऊन दाखवावा लागतो. १८८८ च्या ऑगस्टात बर्था बेंझ या बाईंनी आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमपर्यंत, सुमारे १०० किलोमीटर, नवऱ्याने बनविलेली मोटार हाकीत नेली. तेव्हा पेट्रोलचा पंप कोठून असणार? वाटेत वीसलोख गावी औषधविक्याच्या दुकानातून डाग काढण्याचे द्रव विकत घेऊन त्यांनी ते गाडीत ओतले. आज ज्याला आपण सोय म्हणतो ती प्रवासी आधी निघाले म्हणून मागाहून आली. आणि विजेची गाडी ही काही कालची पोर नव्हे. २९ एप्रिल १८९९ रोजी कामिल जेनात्झी याने पॅरिसजवळ ताशी १०० किलोमीटरांची मर्यादा प्रथम ओलांडली ती विजेच्याच गाडीत. ती मागे पडली, कारण शिशाच्या बॅटऱ्या जड आणि त्यांतली वीज थोडी. लिथियमच्या बॅटरीने हा दोष पुष्कळसा दूर केला, आणि त्या कामाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तेव्हा यंत्राचा प्रश्न सुटत आला आहे. खरा प्रश्न निराळा आहे. मुक्कामाचे ते तीन तास कोणाबरोबर काढावयाचे?

आमच्या रस्त्याचे एक जुने उदाहरण घेऊ. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाले ते सातपुडा ओलांडून माळव्यातच शिरले, आणि महूच्या आसपास त्यांना बंडाची वार्ता लागली. त्यांचा ‘माझा प्रवास’ पुढे १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केला. ते पुस्तक आजही गोड लागते याचे एक कारण असे, की ही काका-पुतण्यांची जोडी मजल दरमजल करीत, ठिकठिकाणी थांबत, माणसांशी बोलत चालली होती. आपण मात्र संध्याकाळी बसमध्ये पडदा ओढून आडवे होतो आणि सकाळी पुण्यात डोळे उघडतो. निमाड, नर्मदा, सातपुडा, तापी, हे सारे आपल्या झोपेत निघून जाते. पिढ्यानपिढ्या ज्या वाटेने आपली घरे इकडे आली, ती वाटच आपल्यापैकी पुष्कळांनी दिवसाउजेडी पाहिलेली नाही.

गेल्या मार्गशीर्षात मी हा प्रवास केला तो शाळेपासूनच्या मित्राबरोबर. त्याचे रामबागेतले घर विकले गेले होते आणि तो कायमचाच मुलाकडे पुण्यास निघाला होता. सामान टेम्पोने पुढे गेले होते. मुलाने विमानाचे तिकीट पाठवितो म्हटले, मी म्हटले, “तिकीट राहू दे. तू माझ्याबरोबर चल.” माळव्याचे पठार सोडून गाडी नर्मदेकडे उतरू लागली तेव्हा त्याचे लक्ष काट्याकडे होते. उतारावर या गाडीची मोटारच जनित्र होते आणि वीज बॅटरीत परत येते. इंदूर ते खलघाट हा उतार साधारण ४०० मीटरांचा. सतराशे किलोच्या भरल्या गाडीला त्याचे पावणेदोन युनिटांइतके बळ मिळते. सगळे काही परत येत नाही; पण उतारावरून जाताना शिल्लक वाढते, ही गोष्ट त्याला मोठी नवलाची वाटली. “आपल्या वयाला हे कोणी शिकविले असते तर!” असे तो म्हणाला.

सेंधव्याला पाऊण तास थांबलो. तेथे चहा घेता घेता, कोणी काही विचारले नसताना, तो म्हणाला, “मला जायचे नाही रे. इथे आपल्याला शंभर वर्षे दक्खिनी म्हटले. तिथे मी इंदूरचे काका होणार. या वयात आता नवे नाव कुठे लावून घेऊ?” घर विकण्याच्या साऱ्या वाटाघाटींत, कागदांवर सह्या करताना, निरोपाच्या जेवणांतही हे वाक्य त्याच्या तोंडून निघाले नव्हते. उत्तर माझ्यापाशी नव्हते, आणि त्यानेही ते मागितले नाही. यंत्राचा आकडा सावकाश चढत होता. पुढे धुळ्यापर्यंत तो रामबागेतल्या एकेका घराविषयी बोलत राहिला, आणि मी ऐकत राहिलो.

म्हणून माझे मत असे, की विजेच्या गाडीचा पहिला लांबचा प्रवास जिवलग मित्राबरोबरच करावा. एकट्याने केला तर त्या सक्तीच्या थांब्यांत काळजीच सोबतीला येते. सगळे कुटुंब असले तर कोणाला भूक, कोणाला घाई, आणि प्रत्येक थांबा हा गाडी घेणाऱ्याचा अपराध ठरतो. जुना मित्र मात्र थांबण्याचा हिशेब मागत नाही. त्याच्याजवळ गप्प बसता येते, आणि गप्प बसता येते तेथेच मनातले बोलणे निघते.

पण याचा अर्थ, आहे ते सारे उत्तम चालले आहे, असा नव्हे. ज्या थांब्यावर आम्ही होतो तेथे दोन यंत्रांपैकी एक बंद होते. पण फोनच्या पडद्यावर ते चालू दिसत होते. वर छप्पर नव्हते. बायामाणसांसाठी धड स्वच्छतागृह नव्हते. एक म्हातारी आजी मुलानातवंडांसह उन्हात खुर्ची शोधीत होती. शिवाय या यंत्राला एक खाते, पुढच्याला दुसरे, तिसऱ्याला आधी पैसे भरा! पंपावर कोणी कधी नावगाव लिहून घेऊन पेट्रोल दिले होते काय?

ज्या राज्याच्या वाटांवर आपण वाढलो, त्या राज्याला हे शोभत नाही. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ महेश्वरी राहून कारभार केला, आणि देवळांबरोबर विहिरी, घाट आणि धर्मशाळा बांधल्या. वाटसरूला पाणी, सावली आणि निर्धास्त रात्र मिळावी, हे राज्यकर्त्याचे काम आहे, असे त्यांनी मानले. २०२५ साली त्यांच्या जन्माला ३०० वर्षे झाल्याचे सोहळे आपण पाहिले. त्यांच्याच इंदुराहून निघून त्यांचे जन्मगाव चौंडी ज्या जिल्ह्यात आहे, त्या अहिल्यानगरावरून पुण्यास जाणाऱ्या रस्त्यावर एक सावलीचा, दिव्याचा, पाण्याचा थांबा मागणे काही फार नाही.

सरकारने करावे ते सरकार करील. आपणही थोडे करू शकतो. इंदूरपासून पुण्यापर्यंत गावोगाव आपल्या लोकांची मंडळे आहेत, मंगल कार्यालये आहेत, आणि वर्षाचे कित्येक दिवस ती कुलपात असतात. तेथे भिंतीवर १५ अँपिअरचा एक प्लग, त्याला चांगली अर्थिंग आणि वेगळे मीटर, आणि आत पाहुण्यापुरती एक खोली, एवढे केले तरी रात्रभरात गाडी भरते आणि माणूस विसावतो. विजेचे पैसे पाहुण्याने द्यावेत. ओळख आपोआप होईल.

आक्षेप आणखीही आहेत, आणि ते खोटे नाहीत. आपल्या देशातली बहुतांश वीज आजही कोळशाचीच आहे. त्यामुळे ही गाडी म्हणजे पुण्याचा साठा, अशी फुशारकी कोणी मारू नये. गाडीची किंमत अजून पुष्कळांच्या आवाक्याबाहेर आहे, आणि चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याने प्लग कोठे शोधावा, हाही प्रश्न आहे. पण धुराचे नळकांडे गल्लीत नसणे, आणि प्रवासात थांबणे पुन्हा मानाचे होणे, हे दोन लाभ मला कमी वाटत नाहीत.

आपल्यापैकी ज्यांचे मित्र येत्या वर्षा-दोन वर्षांत घर बंद करून मुलांकडे निघणार आहेत, त्यांनी त्या मित्रांना रात्रीच्या बसमध्ये बसवून परत येऊ नये. उन्हाळ्यात गाडी थंड ठेवण्यातच वीज खर्च होते, म्हणून मार्गशीर्ष-पौषातला दिवस ठरवावा. आदल्या दुपारी वायर लावावी, थांब्यांचे पत्ते कागदावर लिहून घ्यावेत, डब्यात दशम्या घ्याव्यात, आणि मित्राला त्या रात्री आपल्याच घरी मुक्कामाला बोलवावे.