टाकीला आडभिंत हवीच

१८ जुलै २०२१ रोजी पावसाचे पाणी भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलात शिरले, विजेची यंत्रणा बंद ठेवावी लागली आणि मुंबईच्या मोठ्या भागाचे नळ कोरडे पडले. अशा दिवशी घर तगते ते इमारतीच्या टाकीवर. टेकडीवरच्या चाळींना तर संकुल जवळ असूनही रोजचाच भरवसा पिंपांचा.

आपल्याकडे टाकीचा विचार होतो तो गळू लागल्यावर. मग वॉटरप्रूफिंगवाला येतो, रसायन फासतो, दोन-तीन पावसाळे निभतात. पण दुखणे बहुधा भलतीकडेच असते. टाकीच्या झाकणातून बॅटरी आत मारून वर पाहा: स्लॅबच्या पोटाला पोपडे सुटलेले, तांबूस सळई उघडी. पाणी तिथवर पोहोचत नाही. ओल आणि क्लोरीनची वाफ मात्र कायम तिथेच कोंडलेली. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडते. म्हणून सळईवरचे काँक्रीटचे आवरण पोटाच्या बाजूलाही पुरेसे हवे आणि काँक्रीट घट्ट. पाणी साठवणाऱ्या बांधकामांच्या ‘आयएस ३३७०’ या मानकात सळईच्या काँक्रीटला किमान एम-३० दर्जा सांगितला आहे. त्यावर नीट पाणी मारले नाही, तर तो दर्जा कागदावरच राहतो. पाइपांची भोकेही ओतकामाआधीच ठरवावीत. मागाहून ब्रेकरने पाडलेले भोक हमखास पाझरते. प्लास्टरआधी टाकी भरून आठवडाभर पातळी पाहण्याची घाई कुणालाच नसते, बिल्डरला तर नाहीच.

मात्र सर्वांत उपयोगाची गोष्ट म्हणजे टाकीचे दोन कप्पे करणारी आडभिंत. मलबार हिलच्या ब्रिटिशकालीन जलाशयाची आतून तपासणी करता आली, ती त्याला कप्पे आहेत म्हणूनच. सोसायटीच्या टाकीतही एक कप्पा धुताना दुसऱ्यातून पाणी चालू राहिले, तर सफाई पुढे ढकलली जात नाही. प्रत्येक कप्प्याला वेगळा व्हॉल्व्ह आणि निचऱ्याकडे उतार हवा. एक कप्पा भरलेला व दुसरा रिकामा असतानाचा दाब आडभिंतीने पेलला पाहिजे. हे गणित नंतर वीट रचून भागत नाही. झाकण घट्ट आणि ओव्हरफ्लोला जाळी हवी, कारण मलेरियाचा डास गच्चीवरच्या टाकीतही अंडी घालतो.

भांडुपमध्ये सध्या पुनर्विकासाचे करार धडाधड होत आहेत. सभासद कार्पेटच्या एकेका फुटासाठी भांडतात. टाकीचा नकाशा मागणारे थोडे. तो सहीआधी मागवून स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्यावा.