ही कसली 'विनंती'?



आमच्या आळीतल्या काकूंनी नळाखाली बाटली धरली, चहाच्या रंगाचं पाणी भरलं, तारीख सांगितली आणि मोबाईलवर त्याचा छोटासा व्हिडिओ टाकला. शिवी नाही, आरोप नाही, कुणाचं नाव नाही. 'हे पाणी आम्ही पितो' एवढं एकच वाक्य. चौथ्या दिवशी व्हिडिओच्या जागी राखाडी चौकोन आला आणि त्यावर एक ओळ: 'कायदेशीर विनंतीमुळे हा मजकूर आपल्या देशात उपलब्ध नाही.' कुणाची विनंती? कोणता कायदा? पाण्यात बेकायदा काय होतं, रंग की वास? काकूंनी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा यंत्राने त्यांचे आभार मानले.

पाणी गढूळ येतं आणि तक्रार करणाराच गुन्हेगार ठरतो, हे तुम्हाला सांगायला पत्रक नको. ते तुम्ही रोज भोगता. हे पत्रक त्या एका शब्दासाठी आहे: विनंती.

विनंती नाकारता येते. एसटीत 'जरा सरकता का' ही विनंती. लग्नपत्रिकेच्या तळाशी 'कृपया आहेर आणू नये' ही तर नम्र विनंती, आणि ती कुणी मानत नाही. पण जी नाकारली की नाकारणाऱ्यालाच आरोपी व्हावं लागतं, तिला मराठीत दमदाटी म्हणतात.

ही दमदाटी चालते कशी, ते शांतपणे समजून घेऊ. चौकातल्या एका घराच्या भिंतीवर सार्वजनिक फळा आहे. लिहिणारे आपण, भिंत मालकाची. आपण लिहिलेल्यासाठी मालकाला तुरुंगात टाकायचं का? २००४ साली एका विक्री-संकेतस्थळावर कुणा तिऱ्हाइताने अश्लील चित्रफीत विकायला ठेवली, तेव्हा त्या संकेतस्थळाच्या प्रमुखालाच अटक झाली होती. पुढे २००८ च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ बदललं आणि भिंतीच्या मालकाला संरक्षण मिळालं. मात्र त्याला एक शेपूट आहे. अमुक मजकूर बेकायदा आहे असं सरकारने किंवा त्याच्या यंत्रणेने कळवलं आणि मालकाने तो तातडीने पुसला नाही, तर संरक्षण गेलं. मग लिहिणाऱ्याबरोबर तोही पिंजऱ्यात.

आता तुम्ही मालक आहात असं समजा. फळ्यावर रोज लाखो ओळी. काकूंच्या ओळीतून तुम्हाला दमडी मिळत नाही. ती ठेवली तर वकील, कोर्ट, तारखा. पुसली तर काहीच नाही. तुम्ही विचार करत बसाल, की हातात पोतेरं घेऊनच उभे राहाल?

हा नुसता तर्क नाही. याच कलमाखालचे २०११ चे नियम आल्यावर बेंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीसाठी एका संशोधकाने सात मध्यस्थांना, म्हणजे अशा भिंतींच्या मालकांना, मुद्दाम सदोष नोटिसा पाठवून पाहिल्या. सातपैकी सहा जणांनी त्या सदोष नोटिसाही गरजेपेक्षा जास्त पाळल्या. तेव्हा नोटीस पाठवणारा एक साधा नागरिक होता. आता नोटिशीवर राजमुद्रा असते.

सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात दोन गोष्टी स्पष्ट केल्या. कुणाही खासगी माणसाच्या नोटिशीवर मध्यस्थाने मजकूर काढण्याची गरज नाही. न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची सूचना हवी. आणि त्याच कायद्याच्या कलम ६९अ खाली सरकार मजकुरावर घालतं ती बंदी घटनेत बसते, कारण तिथे कारणं लेखी द्यावी लागतात, समिती बसते आणि लिहिणारा सापडत असेल तर त्याचंही ऐकावं लागतं. हे पुढचं दार. त्याला उंबरठा आहे, कडी आहे.

पण पुढच्या दाराने जायला वेळ लागतो, म्हणून मागचं दार सापडलं: कलम ७९चं तेच शेपूट. तिथे समिती नाही, सुनावणी नाही. ऑक्टोबर २०२४ पासून अशा नोटिसा पाठवायला केंद्राचं एक पोर्टलच आहे. नाव 'सहयोग'. शब्दांची निवड पाहा: दमदाटीला विनंती म्हणायचं आणि ती पोचवणाऱ्या यंत्राला सहयोग! सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ही व्यवस्था उचलून धरली. न्यायालयाचा मान राखून आम्ही एवढंच म्हणतो की दार कायदेशीर ठरलं म्हणून ते पुढचं दार होत नाही.

यावर एक सुशिक्षित उत्तर मिळतं: 'अहो, नोव्हेंबर २०२५ पासून वरिष्ठ अधिकाऱ्याचीच सही लागते. पोलिसांत उपमहानिरीक्षकाच्या खालचा चालत नाही. कायद्याचा आधार लिहावा लागतो, दरमहा आढावाही होतो.' छान. स्वागत आहे. आता तो सहीचा कागद काकूंना दाखवा. नाही दाखवत? मग ती सही काकूंच्या कोणत्या कामाची? कागद कंपनीकडे जातो, आढावा सरकारच सरकारचा घेतं, आणि जिची जीभ कापली ती बाहेर बाकावर बसलेली. तिला आत बोलावणं सोडा, आत काही चाललंय हेसुद्धा सांगत नाहीत.

शिवाय सहीवर भरवसा ठेवावा असा या यंत्रणेचा इतिहास आहे का? त्याच २०१५ च्या निकालाने इंटरनेटवर 'आक्षेपार्ह' लिहिण्याला शिक्षा देणारं कलम ६६अ रद्द झालं. सहा वर्षांनी याचिकाकर्त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला दाखवून दिलं की ११ राज्यांत त्या मेलेल्या कलमाखाली ७४५ खटले चालूच आहेत. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं. मेलेलं कलम ज्यांना सात वर्षं ओळखता आलं नाही, त्यांना जिवंत वाक्यातला गुन्हा झटक्यात ओळखता येतो म्हणे!

दुसरं उत्तर पारावरचं: 'ज्याने काही केलं नाही त्याला कसली भीती?' हे म्हणणाऱ्यांनी पालघर आठवावं. नोव्हेंबर २०१२. मुंबई बंद पडल्याबद्दल एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीने त्या लाईक केल्या. दोघींना अटक.  वर केलेला अंगठाही गुन्हा ठरला.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला थट्टा शोभणार नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. अशा अफवा रोखायच्या नाहीत का? जरूर रोखायच्या. त्यासाठी पुढच्याच दारात तातडीची सोय आहे: बंदी आधी घाला, मग ४८ तासांत प्रकरण समितीपुढे ठेवा. आणि राईनपाड्याची अफवा चौकातल्या फळ्यावर नव्हती, ती घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होती. तिला काकूंचा व्हिडिओ पुसून आळा बसत नाही. पाच जणांच्या मरणाचा आधार घेऊन गढूळ पाणी झाकू नका.

हा खेळ नवा नाही. १८७८ साली व्हाइसरॉय लिटनच्या सरकारने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांसाठी खास कायदा केला. मुद्रक आणि प्रकाशकाकडून जामीन घ्यायचा, पुन्हा चूक झाली तर छापखाना जप्त, आणि कोर्टात दाद नाही. इंग्रजी पत्रं मोकळी, मराठी-बंगाली बांधलेली. लेखकाला हात लावायची गरजच नव्हती. छापखान्याचा मालकच कात्री चालवायचा. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, ती अन्यायाचीच होती. पण 'केसरी'तले कोणते लेख राजद्रोही ते त्यांना सांगितलं गेलं, भर कोर्टात वाचले गेले, आणि टिळक आपल्या बचावात एकवीस तासांहून अधिक बोलले. परक्या सरकारने टिळकांना एकवीस तास दिले. आपलं सरकार काकूंना एक ओळ देत नाही.

'सरकार नको म्हणता, मग कंपन्या काय संत आहेत?' मुळीच नाहीत. म्हणून तर ही पद्धत वाईट. ज्याला आपल्या शब्दाची किंमत नाही, त्याच्याच हाती तिने पोतेरं दिलं आहे.

आशेला जागा आहे. सरकारबद्दलच्या बातम्यांतलं खरं-खोटं सरकारी कक्षच ठरवणार, अशी माहिती तंत्रज्ञान नियमांतली २०२३ ची दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवली. कुणीतरी कोर्टात गेलं म्हणून ते झालं. पण कोर्टात जायला हातात आदेश लागतो, आणि आदेश हाती येत नाही, हेच तर आमचं दुखणं आहे.

म्हणून मागण्या चारच. मजकूर काढताच लिहिणाऱ्याला आदेशाची प्रत द्या. तिच्यावर अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, कलम आणि कारण असू द्या. ठरलेल्या दिवसांत लिहिणाऱ्याचं म्हणणं ऐका. चूक निघाली तर मजकूर परत लावा आणि चूक झाली असं तिथेच लिहा.

१८६७ च्या कायद्याने या देशात छापील कागदावर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण घालायला लावलं. दीडशेहून अधिक वर्षं आपल्या छापखान्यांनी ती शिस्त पाळली. छापणाऱ्याने नाव लपवायचं नाही, हे मान्य. मग पुसणाऱ्याने का लपवावं?

हे पत्रक मुद्दाम कागदावर काढलं आहे, तळाशी मुद्रकाचं नाव आहे. वाचून झालं की शेजारी द्या. आणि तुमच्या लिहिण्याच्या जागी तो राखाडी चौकोन दिसला तर गप्प बसू नका. त्याचा फोटो काढा, तारीख लिहून ठेवा आणि लेखी मागणी करा: विनंती करणाऱ्याचं नाव सांगा.