फिबीच्या हातचे पत्र

कँटरबरीच्या आर्चबिशपपदी सारा मलॅली यांची नियुक्ती 2025 मध्ये जाहीर झाली, आणि अँग्लिकन मंडळींतले जुने तट पुन्हा उघड झाले. आफ्रिकेतल्या काही मोठ्या मंडळींच्या नेत्यांनी जाहीर नापसंती व्यक्त केली. विरोधकांचे म्हणणे नेहमीचेच, की स्त्रीला हे पद देऊन दोन हजार वर्षांची परंपरा मोडली. ही दोन हजार वर्षे मोजताना पहिली शंभर-दीडशे वर्षे सोयीस्करपणे गळतात, असे माझे मत आहे.

नव्या करारातल्या प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्राचा 16वा अध्याय काढून पाहा. प्रवचनाला तो सहसा कुणी घेत नाही. वरवर पाहता ती निरोपाची यादी आहे, याला सलाम सांगा, तिला सलाम सांगा. पण इतिहासाला अशाच याद्या कामाच्या. सिद्धान्त मांडताना माणूस तोलूनमापून लिहितो, ओळखीपाळखीच्या माणसांची नावे घेताना जे असेल तेच लिहून जातो. इ. स. 57च्या सुमारास करिंथमध्ये लिहिलेल्या या अध्यायात फिबी धरून 10 स्त्रिया आहेत. त्यांतल्या चौघींनी, म्हणजे मरिया, त्रुफैना, त्रुफोसा आणि पर्सिस यांनी, प्रभूसाठी श्रम केले असे पौल सांगतो. स्वतःच्या प्रेषितकार्याबद्दल बोलतानाही तो हेच क्रियापद वापरतो.

यादीच्या आरंभी फिबी आहे. करिंथच्या पूर्वेकडच्या किंख्रिया बंदरातल्या मंडळीची ती डीकन, म्हणजे सेवेचे पद सांभाळणारी. पौल तिला आपली आणि इतर पुष्कळांची आश्रयदाती म्हणतो. पत्र रोमला तिनेच नेले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या काळी पत्र पोचवणाऱ्याला ते द्यायचे आणि निघायचे एवढेच काम नसे. मजकूर वाचून दाखवणे, कुणी शंका काढली तर लिहिणाऱ्याच्या वतीने उत्तर देणे, हेही बहुधा त्याच्याकडेच येई. पौल तोवर रोमला गेलेला नव्हता. म्हणजे ख्रिस्ती धर्मविचारातला सर्वांत भारदस्त दस्तऐवज रोमच्या मंडळीला पहिल्यांदा समजावून सांगितला तो कदाचित एका बाईने!

मग येते प्रिस्का. तंबू शिवणारे हे जोडपे, ती आणि अक्विला. नव्या करारात दोघांचा उल्लेख सहा ठिकाणी आहे आणि त्यांपैकी चार ठिकाणी बायकोचे नाव आधी. इफिसात अपुल्लोसासारख्या विद्वान वक्त्याला दोघांनी घरी नेऊन अधिक नीट शिकवले. हे घर फार महत्त्वाचे. मंडळी तेव्हा देवळात भरत नसे, कुणाच्या तरी घरी भरे. आणि ज्या घराचा कारभार बाईच्या हाती, तिथे मंडळीतही तिचा शब्द चाले. फिलिप्पैची लुदिया जांभळ्या कापडाचा व्यापार करी, मंडळी तिच्याकडे जमे. लावदिकीया परिसरातल्या नुंफेच्या घरीही अशीच मंडळी होती. काही हस्तलिखितांत मात्र ‘तिच्या घरी’चे ‘त्याच्या घरी’ झालेले दिसते.

युनियाचे तर आणखी वाईट झाले. पौल तिला आणि अंद्रोनीकाला प्रेषितांमध्ये नामांकित म्हणतो. चौथ्या शतकात योहान ख्रिसोस्तोमाने बाई असून प्रेषितपदाला पोचली म्हणून तिचे कौतुक केले, आणि तो काही स्त्रीवादी नव्हता. पुढे मध्ययुगात तिला पुरुष ठरवण्यात आले. विसाव्या शतकातल्या ग्रीक संहितेच्या मान्यवर आवृत्त्यांतही ती ‘युनियास’ झाली. असे पुरुषनाम प्राचीन रोमच्या शिलालेखांत एकदाही सापडलेले नाही, ‘युनिया’ मात्र अडीचशेहून अधिक वेळा सापडते. 1998 मध्ये संहितेत तिचे स्त्रीपण परत आले.

ख्रिस्ती लेखकांवर भरवसा नसेल तर रोमन अधिकाऱ्याची साक्ष आहे. 112च्या सुमारास बिथिनियाचा सुभेदार प्लिनी सम्राट त्रायानला कळवतो की, खरे काय ते काढून घेण्यासाठी आपण दोन दासींचा छळ केला. ख्रिस्ती लोक त्यांना ‘सेविका’ म्हणतात. मंडळीची माहिती या दोघींकडे असणार, हे त्याने हेरले होते.

म्हणून तो काळ स्त्रियांचे सुवर्णयुग होता, असे मी म्हणणार नाही. बाराही शिष्य पुरुष होते. स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे, अशी ओळ करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 14व्या अध्यायात आहेच. पण त्याच पत्राचा 11वा अध्याय स्त्रियांनी संदेश देताना डोके झाकावे असे सांगतो, म्हणजे बोलणे गृहीत आहे. शिवाय काही हस्तलिखितांत ती गप्प बसवणारी ओळ भलत्याच जागी येते. ती मागाहून घातली असावी, असे म्हणणारे अभ्यासक कमी नाहीत.

डीकन स्त्रिया पुढेही बरीच शतके होत्या. 451च्या खाल्केदोन परिषदेने त्यांच्यासाठी किमान वय 40 ठरवले. 535 मध्ये सम्राट जस्टिनियनने कॉन्स्टँटिनोपलच्या मुख्य चर्चसाठी 100 पुरुष डीकनांबरोबर 40 स्त्री डीकन मंजूर केल्या. प्रौढ स्त्रियांच्या बाप्तिस्म्याला त्यांची गरज असे. बालबाप्तिस्मा रूढ झाला तशी ती गरज ओसरली. मंडळी घरातून राजाश्रयाच्या भव्य इमारतींत गेली, तेव्हा घरातला अधिकारही मागेच राहिला.

स्त्रीच्या अधिकाराविषयीची अढी आपल्या पंडिता रमाबाईंनीही अनुभवली. 1885 मध्ये चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा विषय निघाला, तर हिंदुस्थानातल्या बिशपांकडून हरकत आली. पुढे याच बाईंनी केडगावात बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खे बायबल मराठीत आणले.

कॅथलिक मंडळीतही हा प्रश्न निघाला आणि पोप फ्रान्सिस यांनी 2016 आणि 2020 मध्ये स्त्री डीकनांच्या प्रश्नावर अभ्यासगट नेमले. स्त्रियांना दीक्षा द्यावी की नाही, हे ज्या त्या मंडळीने ठरवावे. नाकारायची असेल तर नाकारावी, पण निदान पहिल्या शतकाचा दाखला देऊन नाकारू नये. तो दाखला विरोधकांच्या बाजूचा नाही.