‘ग्रेव्हेस्ट हिट्स’ची बाजू

अमेरिकेतल्या ‘द क्रॅम्प्स’ या बँडची ‘ग्रेव्हेस्ट हिट्स’ ही ईपी 1979 साली ‘इलीगल रेकॉर्ड्स’ने काढली. तिच्यावर गाणी पाचच. त्यातली चार बँडने आदल्याच वर्षी ‘व्हेंजन्स’ या स्वतःच्या लेबलवर दोन सिंगल्सच्या रूपात काढलेली, म्हणजे नवं गाणं एकच. या एवढ्याशा तबकडीवरून रॉकचे श्रोते अजून हमरीतुमरीवर येतात. न आवडणाऱ्यांचे आक्षेप ठरलेले आहेत : चार गाणी दुसऱ्यांची, बेस गिटारच नसल्याने आवाज पोकळ, हे खरं सायकोबिली (रॉकाबिली आणि पंक यांच्या मिश्रणाची शैली) नव्हे, आणि भुताखेतांचं सोंग काढलं की शिल्लक काही उरत नाही.

यांतला उसनवारीचा आरोप सर्वांत जुना आणि सर्वांत कच्चा.

‘द वे आय वॉक’ जॅक स्कॉटचं, ‘डॉमिनो’ रॉय ऑर्बिसनचं, ‘लोनसम टाउन’ रिकी नेल्सनने 1958 साली लोकप्रिय केलेलं, हे सगळं खरं. ‘सर्फिन बर्ड’ मिनिआपोलिसच्या ‘ट्रॅशमेन’चं म्हणून ओळखलं जातं. पण 1963 च्या त्या गाण्याची गंमत आक्षेप घेणारे विसरतात. ट्रॅशमेननी ते लॉस एंजेलिसच्या ‘रिव्हिंग्टन्स’ या गायकवृंदाची दोन गाणी जोडून उभं केलं होतं, आणि पुढे श्रेयही रिव्हिंग्टन्सना द्यावं लागलं. उसनं घेणं हाच गुन्हा मानायचा, तर या संगीताच्या इतिहासातली निम्मी पानं फाडावी लागतील. ख्यालगायक पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली बंदिश घेतो, तेव्हा त्याने ती कशी मांडली हे आपण ऐकतो, ती कुणाची हे विचारून उठून जात नाही. क्रॅम्प्सनाही तोच न्याय लावायला हवा.

तो लावला की काय दिसतं? ‘रामोन्स’नीही ‘सर्फिन बर्ड’ 1977 साली ‘रॉकेट टू रशिया’ या अल्बमसाठी घेतलं. त्यांनी मूळ गाण्याचा वेग आणि थट्टा राखली. उत्तम केलं. क्रॅम्प्सनी तेच गाणं सुमारे पाच मिनिटं ताणलं, ओळींचा अर्थ जाऊन नुसती किंकाळी उरेपर्यंत खेचलं आणि शेवटी गिटारच्या कल्लोळात मोडून पडू दिलं. पोरांनी पार्टीत नाचायचं गाणं इथे अंगावर येतं. हे नक्कल करणाऱ्याचं काम नव्हे. ‘लोनसम टाउन’ची गोष्ट याच्या उलट. दु:खाची थट्टा करण्याची आयती संधी समोर असताना गायक लक्स इंटीरियर ते मनापासून, जवळजवळ जपून गातो. क्रॅम्प्सना जुन्या गाण्यांची टर उडवायची होती असं म्हणणाऱ्यांनी निदान हे एक गाणं पुरतं ऐकावं.

बेस नाही ही गोष्ट ऐकताक्षणी कळते. ती उणीव मात्र नाही. बँडमध्ये दोन गिटार होत्या, पॉयझन आयव्ही आणि ब्रायन ग्रेगरी यांच्या, आणि निक नॉक्सचे ड्रम्स. ‘ह्यूमन फ्लाय’ हे लक्स आणि आयव्हीचं स्वतःचं गाणं घ्या. एक गिटार खाली उतरत जाणारी मोजक्या स्वरांची धून वाजवते, दुसरी फझ लावून अखंड गुणगुणते, आणि ती गुणगुण म्हणजेच गाण्यातली माशी. तळाला बेस भरला असता तर ही गुणगुण त्यात बुडाली असती. मोकळ्या सोडलेल्या जागेत नॉक्सचा संथ, हट्टी ठेका एकटा उभा राहतो, आणि गाण्यातली धास्ती तिथूनच येते.

ध्वनिमुद्रण ओबडधोबड आहे हे मान्य करायला हवं. पण ते अडाणीपणातून आलेलं नाही. 1977 साली ही गाणी मेम्फिसच्या ‘आर्डेंट’ या नावाजलेल्या स्टुडिओत झाली. निर्माता होता अ‍ॅलेक्स चिल्टन. सोळाव्या वर्षी ‘बॉक्स टॉप्स’कडून ‘द लेटर’ गाणारा आणि नंतर ‘बिग स्टार’च्या नितळ अल्बममागे असणारा हा माणूस. गुळगुळीत आवाज कसा काढतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने तो इथे काढला नाही, कारण रॉकाबिली, म्हणजे रॉक अँड रोलचं सुरुवातीचं रूप, ज्या शहरात वाढलं तिथे त्याचा मूळचा खडबडीतपणा परत आणायचा होता.

‘खरं सायकोबिली’वाल्यांचा मुद्दा थोडक्यात निकालात निघतो. त्यांच्या मते उभ्या डबल बेसची थाप हवीच, आणि ती 1980 मध्ये लंडनला जमलेल्या ‘मीटिऑर्स’पासून ऐकू येते. मीटिऑर्सचं श्रेय कुणी काढून घेत नाही. शैलीचा साचा त्यांनीच घडवला. पण क्रॅम्प्स 1976 च्या सुमारासच आपल्या कार्यक्रमांच्या पत्रकांवर ‘सायकोबिली’ हा शब्द छापत होते, आणि पुढे त्यांनी स्वतःच या शैलीशी आपलं नाव जोडायला नकार दिला. ज्या घराण्यात या बँडने कधी जागा मागितली नाही, त्याच्या नियमांनी त्याला नापास करणं अन्यायाचं आहे.

राहिलं सोंग. लक्सचा रंगमंचावरचा धिंगाणा इतका गाजला की त्याच्या शेजारी शांत उभ्या असलेल्या आयव्हीकडे श्रोत्यांचं दुर्लक्ष झालं, आणि माझ्या मते या तबकडीवरचा मोठा अन्याय हाच आहे. लिंक रे आणि ड्युएन एडी यांच्या पन्नाशीच्या दशकातल्या गिटारवादनाचा तिने कसून अभ्यास केला होता. गाणी ती लिहीत होती, पुढे बँडच्या अल्बमची निर्मितीही तिने केली. 2022 साली ‘वेन्सडे’ मालिकेतल्या नाचामुळे ‘गू गू मक’ लाखो नव्या कानांवर पडलं. ते क्रॅम्प्सने 1981 मध्ये काढलेलं, आणि तेही आधी दुसऱ्याचंच. त्या नव्या श्रोत्यांना मुखवटे, केशभूषा, बँडचं सत्तरच्या दशकातलं न्यूयॉर्क यांतलं काही माहीत असण्याची गरज पडली नाही. गिटार पुरेशी होती. त्यांनी आता मागे वळून ‘ग्रेव्हेस्ट हिट्स’ लावावी, ‘ह्यूमन फ्लाय’पासून सुरुवात करावी, आणि लक्सचा आवाज बाजूला ठेवून पहिल्यांदा फक्त आयव्हीची गिटार ऐकावी.