लोकलज्जेहून लेक मोठी

आम्ही शिक्षकी पेशात होतो तेव्हाची गोष्ट. नववीतील एक हुशार मुलगी दिवाळीच्या सुटीनंतर शाळेत आलीच नाही. काही दिवस हजेरीपटावर तिच्या नावापुढे 'गैरहजर' अशी नोंद आम्ही केली आणि पुढे ते नाव पटावरून कमी झाले. कारण शिक्षकांच्या खोलीत सर्वांस ठाऊक होते. परंतु तिच्या घरी जाऊन धीराचे चार शब्द बोलावेत, असे आमच्यापैकी एकासही सुचले नाही. तिचे पुढे काय झाले, हे आम्हांस आजतागायत ठाऊक नाही. तेव्हा या विषयावर लिहिताना केवळ इतरांस दोष देण्याचा अधिकार आम्हांस पोचत नाही.

हा प्रश्न अपवादात्मक आहे, अशी कोणाची समजूत असल्यास ती भ्रामक होय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते १९ वर्षे वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के मुली माता झाल्या होत्या अथवा गरोदर होत्या. यांपैकी पुष्कळ जणी बालविवाहाच्या बळी आहेत. परंतु अविवाहित मुलीवर हा प्रसंग येतो तेव्हा तिच्या वाट्याला केवळ एकांत आणि धाक येतो. संत्र्याच्या बागेला ताण किती द्यावा आणि पाणी केव्हा सोडावे, हे अचूक जाणणारा आमच्या वरूडचा बागाईतदार स्वतःच्या लेकीच्या मनावरील ताण ओळखण्यास मात्र उशीर करतो. मुलगी भयाने लपविते, आई लोकलज्जेने झाकते आणि मग औषधाच्या दुकानातील गोळ्या किंवा एखादा भोंदू वैदू यांच्या हाती तिचा जीव सोपविला जातो.

वास्तविक या प्रसंगात खरा शत्रू विलंब हा आहे. १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार २० आठवड्यांपर्यंत एका, आणि अल्पवयीन किंवा अत्याचारपीडित मुलीच्या बाबतीत २४ आठवड्यांपर्यंत दोन नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. अल्पवयीन मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते. त्यापुढे बहुधा उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागते. मौनात गेलेला प्रत्येक आठवडा एकेक वाट बंद करीत असतो.

पोलिसांचे भय हे विलंबाचे दुसरे कारण. अठरा वर्षांखालील मुलीच्या बाबतीत २०१२ च्या पोक्सो कायद्यान्वये डॉक्टरांस खबर देणे बंधनकारक आहे, हे खरे. तथापि मुलीने व पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरांनी त्या खबरीत तिची ओळख उघड करण्याची आवश्यकता नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी दिला आहे. जेथे बळजबरी झाली असेल तेथे तक्रार झालीच पाहिजे. परंतु उपचारासाठी आलेल्या मुलीस आरोपीसारखे वागविण्याचा अधिकार कोणासही नाही.

आणि वेळ निघून गेली असेल तर? तर तिचे बाळंतपण सुरक्षितपणे, अमरावतीच्या डफरीनसारख्या रुग्णालयात व्हावयास हवे. मूल सांभाळणे अशक्य असल्यास २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार ते बालकल्याण समितीकडे रीतसर सोपविता येते व फेरविचारास दोन महिन्यांची मुदत मिळते. १०९८ या क्रमांकावर मदत मागता येते. उकिरड्यावर किंवा काटेरी झुडपात अर्भक टाकण्याची पाळी कोणावरही येण्याचे कारण उरलेले नाही.

ही दृष्टी आम्हांस परकी नाही. १८६३ साली पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते याच करुणेपोटी. पुढे १८७४ साली एका विधवेचा पुत्र त्यांनी दत्तक घेतला. तोच यशवंत डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करीत राहिला. आमच्याच जिल्ह्यात वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या अपंग मुलांस पित्याच्या जागी स्वतःचे नाव दिले. २०२४ साली त्यांस पद्मश्री देऊन राष्ट्राने गौरविले. मग ज्या बालकाच्या पालनकर्त्यास आपण वंदन करतो, त्याच्या जन्मदात्रीस मात्र धिक्कारावे, हा कोणता न्याय?

आई-बापांनी प्रथम ऐकून घ्यावे, संताप मागाहून करावा. निर्णय मुलीशी बोलून व्हावा. तिच्यावर तो लादू नये, अथवा घाईने लग्न उरकून झाकूही नये. तो मुलगाही कोणाच्या तरी घरचा आहे, त्याच्या वडीलधाऱ्यांनी हात झटकू नयेत. आणि मुख्याध्यापकांनी अशा मुलीचे नाव पटावरून कमी करण्यापूर्वी तिच्या घरची पायरी एकदा तरी चढावी. शाळेत परतणे जमलेच नाही तर १७ नंबरच्या अर्जाने दहावीस बसता येते, एवढे सांगण्यास तरी जावे. जे आमच्या हातून झाले नाही, ते त्यांच्या हातून घडावे.