वहीतलं खातं

सुट्टीत गावी जाऊन आलेल्या मित्राची स्टोरी आठवा. शेत, चुलीवरची भाकरी आणि खाली कॅप्शन : 'इथली माणसंच वेगळी, यार!' पाठोपाठ ठरलेलं वाक्य येतं, की मुंबईत शेजारच्या दारात कोण राहतं हेही कुणाला माहीत नसतं. हे वाक्य टाइप करणारा घाटकोपरला राहत असेल तर मात्र त्याला एकदा खाली दुकानात पाठवायला हवं. तिथे त्याच्या बाबांची शुगर किती आहे तेसुद्धा माहीत असतं!

मेट्रो-१ ८ जून २०१४ला सुरू झाली आणि तेव्हापासून तुमच्यातल्या अनेकांसाठी घाटकोपर म्हणजे फक्त गाडी बदलायचा पूल. ब्रिजवर धक्के खायचे आणि पुढे निघायचं. पण हे घाटकोपर १९५०पर्यंत मुंबई महापालिकेच्या हद्दीतही नव्हतं. त्याची स्वतःची नगरपालिका होती, घाटकोपर-किरोळ नावाची. आज त्यातलं किरोळ एका रस्त्याच्या पाटीवर उरलंय. म्हणजे आपण ज्याला 'छोटं गाव' म्हणून मिस करतो, ते आपल्याच पायाखाली होतं. भटवाडीच्या चढावर, पंतनगरच्या इमारतींमध्ये, पूर्वेच्या गुजराती गल्ल्यांत ते थोडंफार अजूनही आहे.

कुठे दिसतं? पिठाच्या गिरणीत. डबा ठेवायचा, 'जरा जाडसर, भाकरीचं' एवढं सांगायचं आणि क्लासला निघून जायचं. पावती नाही, ओटीपी नाही. संध्याकाळी तोच डबा, तेच पीठ. नाचणीवर तुमचा गहू जाणार नाही, गव्हावरच गहू दळला जाईल, हे तो न सांगता सांभाळतो. झुनझुनवाला कॉलेजच्या नाहीतर विद्याविहारला सोमय्याच्या आसपास झेरॉक्स काढलेल्यांना दुसरं उदाहरण द्यायलाच नको. सबमिशनच्या दिवशी जर्नल स्पायरल करून देणारा माणूस 'पैसे उद्या दे, आधी पळ' म्हणतो, तेव्हा तो तुमचं वर्ष वाचवत असतो. कुठलं ॲप असं म्हणतं?

आता थोडं रोखठोक. ही माणुसकी आभाळातून पडत नाही. वाणी उधार देतो तो काही संत असतो म्हणून नाही. तुम्ही कुठे राहता, घरात पगार कितीला होतो, आजोबांनी मागच्या वेळी खातं कधी मिटवलं, हे त्याला माहीत असतं म्हणून देतो. ओळख हीच त्याची सिक्युरिटी. रोज समोरासमोर आल्याशिवाय ती तयार होत नाही. मार्च २०२०च्या लॉकडाऊनमध्ये ॲपवर डिलिव्हरीचा स्लॉट मिळेना, तेव्हा कित्येक घरांत याच ओळखीवर तांदूळ-डाळ आली. पैसे नंतर.

आणि या ओळखीला दुसरी बाजूही आहे, विशेषतः मुलींना विचारा. 'काल स्टेशनला कुणाबरोबर होतीस गं?' हा प्रश्न त्याच आपुलकीच्या काउंटरवरून येतो. नाव, आडनाव, भाषा बघून गोडवा कमी-जास्त करणारे दुकानदारही आहेत. अशा वेळी कुणाला काही न विचारणारं ॲप बरं वाटलं, तर त्यात चूक काय? सॅनिटरी पॅड काळ्या पिशवीत गुंडाळून, नजर चुकवून देणाऱ्या दुकानापेक्षा ते बरंच. गल्लीला टिकायचं असेल तर तिनेही थोडं बदलायला हवं.

पण टिकणं तिच्या हातात कितपत आहे? यूपीआयला तिने कधीच आपलंसं केलंय. सुट्या पैशांऐवजी मिळणारी चॉकलेटं गेली, स्पीकरचा आवाज आला. खरा घाव वेगळ्याच जागी बसतोय. पंतनगरच्या म्हाडा वसाहतीसारख्या ठिकाणी जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहतायत. घरं मोठी होतायत, लिफ्ट मिळतेय, म्हाताऱ्यांचे गुडघे वाचतायत. याला विरोध करायचं कारण नाही. मात्र बांधकामाच्या काही वर्षांत गिऱ्हाईक पांगतं. कुणी भाड्याने मुलुंडला, कुणी डोंबिवलीला. दुकानदाराला परत जागा मिळाली तरी वहीतली माणसं परत येतीलच असं नाही. भाड्याच्या गाळ्यात बसणाऱ्या इस्त्रीवाल्याचं, शिंप्याचं तर नाव करारात कुठेच नसतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कार्पेट एरिया आणि पार्किंगवर तासन् तास भांडण होतं, खाली कोण बसणार हे कुणी विचारत नाही.

ते तुम्ही विचारू शकता. मीटिंगमध्ये बाबांच्या शेजारी बसून फोन बघण्यापेक्षा एकदा हात वर करा : गिरणीसाठी जागा आहे का? चांभाराला पावसात बसायला कोपरा आहे का? बिल्डरच्या नकाशात हे चौकोन आपोआप येत नाहीत, कुणीतरी मागावे लागतात.

आणि हो, या सगळ्यात दहा मिनिटांत पिशवी घेऊन येणाऱ्या पोराला व्हिलन करू नका. तो बऱ्याचदा असल्फ्याचा, रमाबाई नगरचा, तुमच्याच वयाचा असतो. कदाचित कॉलेज सोडलेला, कदाचित नाइट कॉलेजवाला. त्यालाही बसायला, पाणी प्यायला जागा लागते आणि ती त्याला कुठे मिळते? डार्क स्टोअरच्या बंद शटरपुढे नाही. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीच्या बाकड्यावर. तिथे त्याला नावाने हाक मारतात, कटिंग पुढे करतात आणि महिनाअखेर असेल तर हिशोब वहीत लिहून ठेवतात.