भूतबंगला करा, पण मागचे दार उघडे ठेवा

कृषी खात्याच्या माणसाने भुताखेतांवर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. बोंडअळीचे काय ते सांगा, भुताचे कशाला, असेही कोणी म्हणेल. पण मंडळी, गेल्या दोन वर्षांत माझ्या हातून दोन भूतबंगले झाले, तेही प्राथमिक शाळेत, आणि त्यातला पहिला फसला. आता गावोगावच्या शाळांत आनंद मेळावे भरतील. भजी-भेळेच्या दुकानांबरोबर पोरं भूतबंगलाही मागतात, कारण जत्रेत तिकीट काढून त्यांनी तो पाहिलेला असतो. तेव्हा आमची चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

पहिल्या वर्षी गुरुजींनी मला गाठले ते बारदानासाठी. "साहेब, तुमच्या ओळखीने चाळीसेक पोती आणि एक बुजगावणं मिळेल का?" मला हुरूप आला. मी, गुरुजी आणि गावातली दोन तरुण पोरं अशा चौघांनी एका रात्रीत वर्गखोली सजवली. खिडक्यांना पोती, आत अंधार, भाड्याने आणलेला भोंगा, त्यावर मोबाईलमधले किंचाळण्याचे आवाज. मुलांना काहीच कळू दिले नाही. तीच तर मजा, असे आम्हाला वाटले. खर्च अकराशे रुपयांवर गेला.

दुसरीतला एक मुलगा आत गेला आणि ओरडत बाहेर आला. त्या रात्री त्याला ताप भरला. घरच्यांनी काय केले असेल ते तुम्ही ओळखलेच असेल. शाळेतच पोराला काहीतरी लागले, असे ठरले आणि त्याला शेजारच्या गावच्या देवऋषीकडे नेले. अंगारा झाला, लिंबू झाले, तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी गुरुजी आणि मी हातापाया पडून त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेलो. रक्त तपासले, औषध मिळाले, पोरगा उठून बसला. ताप आमच्या भुताने आला नव्हता. पण उपचाराला तीन दिवस उशीर झाला तो मात्र आमच्या भुतामुळेच. ही गोष्ट मी आजवर कार्यालयात कुणाला सांगितलेली नाही.

पुढे बरेच दिवस मी विचार करत होतो. अमेरिकेत ३१ ऑक्टोबरला हॅलोविन नावाचा सण असतो. तिथल्या शाळांतून असे भूतबंगले करतात. पोरं स्वतःच भुताचे सोंग घेऊन हिंडतात, दारोदार गोळ्या-चॉकलेट मागतात, हे आपण सिनेमात पाहतो. खेळ आहे हे तिथे लहानग्यालाही आधीपासून ठाऊक असते. आपल्या गावात भुताला पत्ता असतो. पिंपळावरचा मुंजा, पडक्या विहिरीतली हडळ, ओढ्याकाठचा चकवा. पाणी द्यायला रात्रपाळीने शेतात जाणारा बापही घरी येऊन सांगतो की, बांधावर काहीतरी उभे होते. अशा घरातल्या पोराला आपण अंधाऱ्या खोलीत ढकलले आणि शिक्षकांच्या साक्षीने भूत दाखवले, तर त्याने काय समजावे? गुरुजींनीच दाखवले म्हणजे ते असणारच!

म्हणून दुसऱ्या वर्षी आम्ही उलटे केले. भूतबंगला बांधायचा तो पोरांनी. तिसरी-चौथीची बावीस मुले होती, पाच दिवस दुपारनंतर एक तास. सामान सगळे शेतातले. तुराट्या आणि पऱ्हाट्या उभ्या बांधून वाकडीतिकडी वाट केली. वर पोत्यांचे छत, पण दोन ठिकाणी मुद्दाम मोकळे, हवा खेळायला. जुना मल्चिंग कागद वापरावा असे एकाने सुचवले होते. काळाकुट्ट असतो खरा, पण आत कोंडते आणि उकडते, म्हणून नको म्हटले. बुजगावण्याला कडब्याचे पोट, आजोबांचा फाटका सदरा, डोक्याला चुन्याने रंगवलेले मडके. हडळीच्या केसांना अंबाडीचा वाख. जत्रेतल्या कोणत्याही टोपापेक्षा सरस दिसतो. कोळ्याची जाळी म्हणून घरचा कापूस बोटाने विरळ करून तुराट्यांवर ओढला. शेतात रात्री डोक्याला लावतात ती बॅटरी आणि तिच्यावर लाल जिलेटीन कागद. आवाजाला वाळलेल्या शेंगांचा खुळखुळा आणि गडगडाटाला हलवायचा एक पत्रा. भोंगा नाही.

सगळ्यात गर्दी झाली ती हात घालायच्या खोक्यांपाशी. लाल भोपळ्याचा बियांसकट गर म्हणजे मेंदू, उकडून गार केलेल्या शेवया म्हणजे आतडी, सोललेली द्राक्षे म्हणजे डोळे. ही कल्पना चौथीतल्या एका मुलीची. तिच्या आईने शेवया दिल्या आणि वर बजावले, "उरल्या तर परत आण." सेल, जिलेटीन कागद, काळा रंग, सुतळी आणि हात धुवायचा साबण मिळून एकूण खर्च २१० रुपये.

आता मुद्द्याचे. भूतबंगल्याला दोन दारे हवीत. पुढच्या दाराने पाच-पाच मुले आत, एक शिक्षक त्यांच्याबरोबर. मागच्या दाराने बाहेर पडले की मेळावा संपत नाही, तिथूनच तो सुरू होतो. खिडक्यांवरची पोती काढायची, लख्ख उजेड करायचा आणि त्याच मुलांना पुन्हा आत न्यायचे. बांधणारी मुले दाखवतात : हे बघ मडके, हा वाख, या शेवया, आणि पत्रा मी हलवत होतो. आत असताना कुणीही "उजेड" असे ओरडले की लगेच पोते बाजूला करायचे, कोणी हसायचे नाही, हा नियम पोरांनीच केला. पहिली-दुसरीच्या मुलांना आधी उजेडात दाखवायचे आणि त्यांची इच्छा असेल तरच अंधारात न्यायचे. त्यातली निम्मी गेली नाहीत. काही बिघडले नाही.

मागच्या दाराबाहेर आम्ही एक टेबल मांडले होते. त्यावर ताटलीत बारीक हाडे आणि कवट्या. खऱ्या बरं का, पण उंदरांच्या. गावातल्या पडक्या वाड्यात रात्री कोणीतरी किंचाळते म्हणून संध्याकाळनंतर त्या बोळातून कोणी जात नसे. आम्ही दिवसा जाऊन पाहिले, तर माळवदाखाली गव्हाणी घुबडाची जोडी. पांढरा चेहरा, पंखांचा आवाज नाही, ओरडणे असे की मोठ्या माणसाचे काळीज हलावे. भूत म्हणायला आणखी काय लागते? हे घुबड उंदीर अख्खा गिळते आणि न पचलेली हाडे-केस गोळा करून ओकून टाकते. तसले गोळे खाली पडले होते. आम्ही ते उन्हात वाळवून काडीने फोडले, नंतर साबणाने हात धुतले. पोरांनी एकेका गोळ्यातल्या कवट्या मोजल्या. शेतकरी बंधूंनो, तुमच्या ज्वारी-गव्हाचा हा फुकटचा राखणदार आहे. त्याला दगड मारून हाकलणे म्हणजे उंदराला आवतण देणे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला मारणे वा पकडणे गुन्हा आहे, आणि तरी अमावास्येच्या पूजेसाठी त्याचे बळी जातात, हेही त्या टेबलापाशी सांगितले.

चकव्याचा प्रयोग मैदानावर. डोळे बांधून पोराला समोरच्या खांबाकडे सरळ चालायला सांगायचे. सरळ जातो असे त्याला वाटते आणि तो वळत जातो. २००९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना वाळवंटात आणि जंगलात चालायला लावून हेच पाहिले होते. सूर्य किंवा चंद्र दिसेनासा झाला की माणसे सरळ चालतो आहोत असे समजून गोल फिरू लागतात. रात्री नांगरलेल्या रानात वाट चुकलेला माणूस फिरून त्याच बाभळीपाशी येतो, तो असा. तीन-चार पालकांनीही डोळे बांधून घेतले. त्यातले एक भूतबंगल्याला विरोध करणारे माळकरी आजोबा होते. ते थेट हापशाकडे निघाले.

काही गोष्टी मात्र अजिबात करू नका. कीटकनाशकाची रिकामी बाटली, डबा किंवा औषध लावलेल्या बियाण्याची पिशवी सजावटीला आणू नका. धुतली तरी नाही. पणती, कापूर, धुराची शेणी काही पेटवू नका. पोती, कडबा, कापूस आणि तुराट्या एकत्र आल्यावर काडी लागायचा अवकाश. शेतातली जोडाजोडीची वायर शाळेत नको. फेफरे किंवा दम्याचा त्रास असलेले मूल असेल तर पालकांना आधी विचारा.

आणि दोर टांगू नका. पहिल्या वर्षी आम्ही बुजगावणे आढ्याला टांगले होते. बांधताना चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आले नाही. चौथीतली एक मुलगी आत गेली, ओरडली नाही, रडली नाही, बाहेर येऊन व्हरांड्यात भिंतीला टेकून बसून राहिली. तिच्या वडिलांनी दोन वर्षांपूर्वी गोठ्यात गळफास घेतला होता. हे मला गुरुजींनी संध्याकाळी सांगितले. पंचनाम्याच्या वेळी मी त्या घरी जाऊन आलेला माणूस, आणि मी विसरलो. आपल्या भागात अशी घरे किती आहेत ते ग्रामसभेत बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. हडळीचेही तसेच. बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते, असे गावात बोलतात. वर्गात एखादे आई नसलेले लेकरू असते. गावातल्या कुठल्याच मेलेल्या माणसाचे नाव, जागा, गोष्ट त्या खोलीत येता कामा नये. भूत बारदानाचे असावे, कुणाच्या घरचे नसावे.

मुळात भुताचा विषय शाळेत कशाला, असे म्हणणारे दोन्हीकडचे लोक भेटले. एक म्हणतात, नाव काढू नये. दुसरे, सुधारक मंडळी, म्हणतात की, भूत नाही हे भाषणात सांगा, खेळ कशाला? मला दोघांचेही पटत नाही. पोरांच्या हातात मोबाईल आहे, त्यात रात्रंदिवस भुते नाचतात, आणि तिथे मागचे दार नाही. भाषणाचे म्हणाल तर कीड कशी ओळखावी यावर मी वर्षाला पन्नास भाषणे देतो. शेतकऱ्याला कळते ते बांधावर बोंड फोडून दाखवल्यावरच.

सरपंच, पोलीस पाटील आणि शाळा व्यवस्थापन समितीला एक विनंती. मेळाव्याच्या दिवशी आरोग्यसेविका आणि आशाताईंना मागच्या दारापाशी बसवा. मण्यार रात्री झोपेत चावते, पुष्कळदा दुखतही नाही, दाताची खूण दिसत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते, आणि घरचे म्हणतात, बाहेरचे लागले. तिथे देवऋषीकडे घालवलेला एक तास जीव घेतो. १०८ ला फोन करा, लस असलेल्या सरकारी दवाखान्यात न्या. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. हे सगळे आम्ही पुठ्ठ्यावर लिहून बाहेरच्या भिंतीला लावले होते. भुताच्या निमित्ताने सारे गाव तिथे आले, म्हणून ते वाचले तरी गेले.

तो दुसरीतला मुलगा दुसऱ्या वर्षी तिसरीत होता. त्याला आत जायचे नव्हते. गुरुजींनी आग्रह केला नाही, फक्त पत्रा हलवायचे काम त्याच्याकडे दिले. दिवसभर त्याने तो पत्रा दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

बुजगावणे मेळाव्यानंतर शाळेमागच्या ज्वारीत उभे केले आहे. पाखरे दोन दिवस बिचकली, तिसऱ्या दिवशी मडक्यावर बसू लागली. दर दोन दिवसांनी जागा बदलत राहा, असे शेतमालकाला सांगितले आहे.